उरलं ते पुढल्या गावचं

मागच्या हिवाळ्यात मी वळसंगला एक काच बघायला गेले. कुणाला सांगितलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाले असते, म्हणून नातवाला एवढंच म्हटलं, "अक्कलकोट रस्त्यानं चाललाच आहेस तर मला वळसंगला सोड, येताना घेऊन जा." तो सोडून गेला.

वेशीजवळचं दगडी घर, दारात कडुनिंब. मला घर आठवत होतं की आप्पांनी पुढं वर्षानुवर्षं सांगितलं म्हणून आठवतंय असं वाटत होतं, ते सांगता येत नाही. दार उघडंच होतं. आतून शिळ्या भाकरीला दिलेल्या फोडणीचा वास आला आणि माझे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले.

घरातली सून, सुनंदा तिचं नाव, हात पुसत बाहेर आली. "या की आजी. कुटनं आलात वो?"

"सोलापूरहून. तुमच्या घरात एक जुना फोटो आहे म्हणे. तो बघायला आले."

"थोरल्या आजीचा व्हय? हाय की. बसा आदी. च्या टाकते." मग तिला आतल्या वासाची लाज वाटली असावी. "शिळी भाकर परतलीय पोरास्नी. तुमाला ताजी करते."

"ताजी नको," मी म्हटलं. "तीच दे."

तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. तिला काय सांगू? शिळ्या भाकरीच्या वासावर मी लहानाची मोठी झाले, आणि मी ज्या काचेसाठी आले होते तिच्यावर एके काळी माझी आई होती.

माझ्या आईचा एकही फोटो नाही. माझे वडील, आप्पा, फोटोग्राफर होते. अर्ध्या जिल्ह्याच्या भिंतीवर त्यांनी काढलेली माणसं अजून टांगलेली असतील. पाटील, कुलकर्णी, नवरानवरी, मिशांना पीळ दिलेले पैलवान. फक्त स्वतःची बायको नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात वर्षाचे बारा महिने होता.

तीस सालच्या आगंमागं आप्पांनी एक जुनी लॉरी घेतली आणि तिच्यावर सुताराकडून लाकडी खोली चढवून घेतली. पावसाळा संपला की आम्ही घराला कुलूप लावून तिच्यातून निघायचो. बाजार आणि जत्रा धरत गावोगाव हिंडायचं, माणसांचे फोटो काढायचे, उन्हाळ्यात परत यायचं. आप्पा, आई, मी आणि गाडी चालवायला महबूबचाचा. मागच्या खोलीत एका बाजूला आमची अंथरुणं, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे डबे आणि पितळी स्टो, आणि कोपऱ्यात काळ्या कापडानं झाकलेली आप्पांची जागा. तिथं लाल काचेचा कंदील लावून ते फोटोच्या काचा धुवायचे. तेव्हा फोटो काचेवरच निघायचा. आधी काच, मग तिच्यावरून कागद.

आप्पा आत असले की आईला स्टो पेटवायची बंदी. उजेड गेला की काच वाया. मग आई बाहेर लॉरीच्या पायरीवर तवा मांडीशी घेऊन बसायची आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "तुमचे फोटू माज्यापरीस जास्त आंगुळ करत्यात. घागर संपली वो." आतून आप्पा ओरडायचे, "दार उघडू नका!" दार कुणी उघडलेलंच नसायचं.

आमच्या त्या खोलीला एक वास होता. पेट्रोल, रॉकेल, आप्पांच्या औषधांचा आंबूस दर्प आणि त्या सगळ्यावर आईची लसणाची फोडणी. आप्पांचे फोटो हातात घेतले की लोक ते नाकाशी न्यायचे. मैंदर्गीच्या एका सावकारानं तर विचारलं होतं, "काय हो, फोटोला भूक लागती का?" आप्पा चिडले. आई तोंडाला पदर लावून गाडीमागं गेली आणि पोटभर हसून आली.

गाव आलं की बायका गाडी बघायला यायच्या. चाकावरचं घर त्यांना फार नवलाचं वाटायचं. "बाई, तुजी चूल कुटं गं?" असं विचारायच्या. आई स्टो दाखवायची. एवढीशी पितळेची वस्तू बघून त्यांचा जीव हळहळायचा. एवढ्याशा जाळावर हिच्या लेकराला भाकरी काय मिळत असणार, असं वाटून संध्याकाळी कुणी ना कुणी फडक्यात भाकऱ्या बांधून आणायची. दक्षिणेकडं गेलो की बायका कानडीत विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का म्हणून. झालं असं सांगितलं तरी भाकरी ठेवूनच जायच्या. असं करता करता डब्यात पाच घरच्या पाच भाकऱ्या जमायच्या. एक जाड, एक पापडासारखी, एकीवर तीळ, एक करपलेली. आई हात लावून सांगायची, ही करणारीला सासुरवास हाय बघ, भाकरी कडंला थापटून थापटून पातळ केलीया.

एवढ्या भाकऱ्या एका दिवसात संपायच्या नाहीत. उरायच्याच. आणि आईचा एक नेम होता. उरलेली भाकरी त्याच गावात संपवायची नाही, कुत्र्याला तर नाहीच नाही. तिच्यातली थोडी तरी डब्यात राहू द्यायची. पुढच्या गावी गाडी थांबली, चाकामागं दगड लावले, की पहिला घास त्या मागल्या गावच्या भाकरीचा. मग नव्या गावचं पाणीसुद्धा. तोवर पाणीही नाही.

"उरलं ते पुढल्या गावचं," ती म्हणायची. हे तिला कुणी शिकवलं की तिनंच बसवलं, मला ठाऊक नाही. ज्या बाईचं घर रोज हलतं तिला दोन गावांच्या मध्ये काहीतरी बांधून घ्यावंसं वाटत असेल. तेव्हा मला एवढंच कळायचं की भूक लागली तरी गाडी थांबेपर्यंत काही मिळणार नाही.

गाडी खड्ड्यांतून जायची आणि डब्यातल्या भाकरीचे आपोआप तुकडे व्हायचे. महबूबचाचा पुढून हाळी द्यायचे, "भाभी, मैं इधर चूरा बनातऊं, तुम उधर फोडनी डालो!" गाव आल्यावर आई तो चुरा परातीत घ्यायची. ताकाचा शिपका मारून झाकून ठेवायची. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, लाल मिरची, असला तर कांदा. भाकरी पडली की कढईतून एक दमलेला आवाज यायचा. वरून मूठभर शेंगाची चटणी. आमटी उरली असली तर तिच्यात पीठ भिजवून धपाटे. भात उरला तर ताकभात, तोही नसेल तर नुसतं ताक आणि चटणी. आम्ही लॉरीच्या सावलीला ओळीनं बसायचो. महबूबचाचा आपली थाळी घेऊन जरा पलीकडं बसायचे. आई उठून त्यांच्या थाळीत वाढायची आणि म्हणायची, "लांब बसलं की जास्त मिळतंय व्हय तुमाला?" ते म्हणायचे, "भाभी, नक्को बोलूं तो बी डालतीं तुम."

पुढं मी लग्नाघरची पंचपक्वान्नं खाल्ली, रांधलीही. त्या चुऱ्याची चव मला कशालाच आली नाही. भाकरी तीच असते, तेल तेच असतं. वाढणारा हात नसतो.

आईचा फोटो निघाला तो मैंदर्गीत. सकाळची वेळ होती. बाजार आदल्या दिवशी होऊन गेला होता, आम्ही निघायच्या तयारीत होतो. आप्पांच्याकडं एकच कोरी काच उरली होती आणि ऊन मोठं छान पडलं होतं. आई पायरीजवळ स्टोवर कढई ठेवून बसली होती. आप्पा थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अशीच बस."

"अवो, हात पिठाचे हायत."

"असू देत."

"केस तरी..."

"हलू नकोस."

महबूबचाचांनी सोलापुरी चादरीची पांढरी बाजू बाहेर करून तिच्या एका अंगाला धरली, म्हणजे तोंडावर उजेड पडावा. आप्पा काळ्या कापडात शिरले. आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला कॅमेऱ्यासमोर बसवून घेतलं आणि नेमकं त्याच वेळी कढईतलं तेल तापलं. तिला मोहरीचा वास कळला होता. मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिचा जीव कढईकडं ओढतोय. पण आप्पांनी हलू नको म्हटलं होतं. ती हलली नाही. मोहरी तडतडली, उडाली, करपली, आणि मगच आप्पा कापडातून बाहेर आले. त्या दिवशीचा चुरा कडू झाला. चौघांनी तो मुकाट्यानं खाल्ला. आईच्या गालावर मात्र दिवसभर हसू होतं.

दुपारी आप्पांनी काच धुऊन वाळवली आणि उन्हात धरली. मी धावत गेले. काचेवर सगळं उलटं असतं हे मला माहीत होतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तरीही दचकले. तोंड काळंभोर आणि केस पांढरेशुभ्र अशी एक बाई तिथं बसली होती.

"आगं बया, म्हातारी झाले की मी!" आई म्हणाली. मग मला जवळ ओढून माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "बगून घे गं बाई. म्हातारपणी अशी दिसनार मी."

काचेच्या आत, तिच्या कानाच्या पाळीशेजारी, मोहरीएवढा एक बुडबुडा होता. काच ओततानाच राहिलेला, तसे कधी कधी असायचे. आईनं त्यावर बोट ठेवलं. "ही बगा, कढईतली मोहरी. उडाली ती हितं जाऊन बसली."

कागद संपले होते, म्हणून सोलापुरात गेल्यावर तिचा फोटो करू असं आप्पा म्हणाले. काच फडक्यात गुंडाळून त्यांनी आपल्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली, बाकीच्या काचांच्या पेटीत नाही.

कोऱ्या काचा आणि कागद आणायला हंगामाच्या मध्येच सोलापूरकडं परतताना आम्हाला वळसंगला थांबायचं होतं. जाताना आप्पांनी तिथल्या एका घरातल्या म्हातारीचा फोटो काढला होता. खणखणीत म्हातारी. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, राजाच्या सिंहासनावर आपण कशाला बसावं म्हणत होती. तिचा कागद आप्पांनी मैंदर्गीतच उन्हात करून ठेवला होता, आणि त्यानंतर तिची काच हातातून पडून फुटली होती. आता चौकट घालून द्यायचा, एवढंच काम होतं. पण गावाच्या अलीकडच्या ओढ्यात गाडी आपटली. चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि चौकटींच्या काचांची पेटी वरून खाली आली. महबूबचाचा तुटलेला पाटा बघायला वाकले. आप्पांनी पेटी उघडली आणि तशीच मिटली. एक काच धड नव्हती.

आम्ही चालत त्या घरी गेलो. दारात म्हातारीचा मुलगा उभा होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"आई गेली वो," तो म्हणाला. "उद्या तेरावा. तुमचीच वाट बगत हुतो. तिचं दुसरं काय बी न्हाय आमच्याकडं. आनलाय न्हवं फोटू?"

आप्पांनी कागद दाखवला. त्या माणसानं तो घेतला नाही. हात मागं नेले आणि नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या पुजंला मांडतो. गंध लावायचं, पानी शिपडायचं. काच कवा बसवतासा?"

सोलापूरला जाऊन काच आणायची तर गाडी ओढ्यात पडलेली. बैलगाडीनं जाऊन येईतो तेरावा उरकला असता. गंधाच्या पहिल्या बोटाला कागद फुगला असता आणि म्हातारी त्या घरातून दुसऱ्यांदा गेली असती. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

गाडीपाशी परत आल्यावर आई सरळ ट्रंकेकडं गेली.

"नाही," आप्पा म्हणाले. ती काय काढणार हे त्यांना लगेच कळलं होतं. "फोटोच्या काचांची पेटी धड आहे, तिच्यातली गिऱ्हाइकाची एखादी धुऊन देतो."

"लोकांनी पैसं दिल्यात त्येचं. कुनाचं त्वांड पुसनार तुमी?"

"मग तुझं पुसू?"

आईनं फडकं सोडलं. "अवो, त्या म्हातारीला आता परत खुर्चीवर बसवताय व्हय? मी हाय की हितं, तुमच्याम्होरं. मी कुटं चाललेय? उद्या काडा माजा. परवा काडा." मग हसून म्हणाली, "आज माजं त्वांड उरलंय म्हना. उरलं ते पुढल्या गावचं."

आप्पांनी काच तिच्या हातातून घेतली आणि छातीशी धरली. मग तिच्या हातात परत दिली आणि ओढ्याच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

आईनं स्टोवरची कढई उतरवली. आमचं जेवण व्हायचं होतं. पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, पाणी कढत झाल्यावर काच सोडली. मी शेजारी बसून बघत होते. आधी काही झालं नाही. मग काचेच्या कडा सुटल्या, दुधावरच्या सायीसारख्या. आईचं तोंड काचेवरून उचललं गेलं, सुरकुतलं, आणि पाण्यात एक वळसा घेऊन फाटलं. ते पांढरे केस कुठं गेले मला दिसलं नाही. आईनं राखेनं काच घासली, लुगड्यानं पुसली, उजेडात धरून आरपार माझ्याकडं बघितलं आणि जीभ काढून दाखवली. काचेपलीकडचं ते तोंड मी अजून आठवायला बघते. जीभ आठवते.

कागदाचं आणि काचेचं माप एकच, त्यामुळे चौकट नीट बसली. रात्रीआधी आप्पा फोटो देऊन आले. मग आम्ही मैंदर्गीची भाकरी खाल्ली, कारण वळसंगला पोचून पहिला घास अजून कुणी घेतलाच नव्हता.

त्या वर्षी थंडी सरता सरता आई गेली.

उद्या काढू, परवा काढू असं म्हणता म्हणता राहून गेलं. गाडी दुरुस्त झाली, कागद आले, काचा आल्या. हंगामाची घाई होती. घरचं माणूस घरातच असतं, त्याचा फोटो कधीही निघतो, असं आप्पांना वाटलं. त्यांना काय दोष द्यायचा? मलाही तसंच वाटत होतं.

पुढं आप्पांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला बसवून तोंडी सांगून तिचं चित्र काढवलं. नाक असं, कपाळ असं. पेंटरनं मन लावून काढलं. चित्र सुबक झालं, पण ते लक्ष्मीचं झालं. आप्पांनी त्याला नमस्कार केला आणि चित्र देवघरात ठेवून दिलं. लॉरी विकली. सोलापुरातल्या दुकानात बसून फोटो काढत राहिले. माझ्या हातची ताजी भाकरी पानात आली की विचारायचे, "कालची नाही का गं?" मी मुद्दाम एक जास्त थापायला लागले.

आणि मी आईला विसरत गेले. हे लिहिताना हात जड होतो, पण ते खरं आहे. आवाज राहिला, लसणाचा वास असलेली बोटं राहिली, डोक्यावरची हनुवटी राहिली. तोंड गेलं. आधी डोळे गेले की हसू, तेसुद्धा आता सांगता येत नाही. माझ्या आताच्या वयाहून कितीतरी लहान असताना ती गेली. तिला आता मी बघितलं तर ती मला मुलीसारखी वाटेल.

सुनंदानं पितळी ताटलीत चुरा आणून दिला. मी एक घास घेतला. तेल जास्त होतं, ताक नव्हतं. तरी डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"आजी, तिखाट झालंय का?"

"नाही गं. छान झालंय."

मग तिनं मला सोप्यात नेलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर थोरल्या आजीचा फोटो होता. कागद पिवळा पडला होता. म्हातारी खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, केव्हाही उठून जाईल अशी. काचेवर गंधाचे वाळलेले थर होते. किती पितृपक्ष त्यावरून गेले असतील.

मी सुनंदाला सगळं सांगितलं. लॉरी, ओढा, पातेलं. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं तिनं चौकट खिळ्यावरून काढलीच.

"आजी, काच घिऊन जावा. आमी दुसरी बसवतो. तुमच्या आईची हाय ती."

मी हात पुढं केले. खोटं कशाला बोलू, घ्यावीशी वाटली. छातीशी धरून सोलापूरला न्यावीशी वाटली. पण घेऊन करणार काय होते? त्यात कुणी नव्हतं. आणि जे तिनं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या घरी दिलं, ते मी परत कसं मागून नेणार?

"राहू दे," मी म्हटलं. "फक्त पुसते जरा."

पदराचं टोक ओलं करून मी गंध पुसलं. कोपऱ्याकोपऱ्यानं काच उजळत गेली. वरच्या अंगाला बोटाखाली काही लागलं नाही, पण डोळ्याला दिसलं. मोहरीएवढा बुडबुडा.

सुनंदानं चौकट परत भिंतीला लावली. माझ्या पाठीशी खिडकीचं ऊन होतं. काचेत कागदावरची म्हातारी पुसट झाली आणि पुढं दुसरीच एक बाई उभी राहिली. उजेड मागून आल्यानं तोंड काळं, केस पांढरेशुभ्र. बुडबुडा तिच्या कानाच्या पाळीशेजारी होता.

मी हलले नाही. आप्पांनी हलू नको म्हटल्यासारखी उभी राहिले. मागं चुलीवर सुनंदाच्या पोरांसाठी दुसरा घाणा पडला होता, मोहरी तडतडत होती, आणि कुणीतरी बघायला हवं होतं, नाहीतर ती करपली असती.